आल्प्सला कोणत्या महिन्यात जावं

आमच्या तालुक्यातून दिवाळीला एक अंक निघतो. त्याचं काम शाळेतल्या एक बाई बघतात. यंदा त्यांनी निवृत्त माणसांकडून नोकरीतले अनुभव लिहून घ्यायचं ठरवलं. कंडक्टर, कंपाउंडर, हेडमास्तर असे सगळे झाल्यावर त्यांना मी आठवले. निरोप आला तेव्हा मला जमणार नाही असं सांगितलं आणि दुपारी वही काढून लिहायला बसले. बाईंना द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर बघीन.

केजच्या रस्त्याला आमच्या दूध संघाचं ऑफिस आहे, आणि त्याच्या मागे चार खोल्यांचं विश्रामगृह. तिथं मी अठ्ठावीस वर्षं चहा आणि स्वयंपाक केला. कागदावर माझं पद शिपाई होतं. चौथी पास असल्यामुळे ते मिळालं. चौथी नसती तर झाडूवाली म्हणून लागले असते आणि काम हेच केलं असतं.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. संचालक अकरा. अकरा जणांचे चहा अकरा तऱ्हेचे. अध्यक्ष आबासाहेब सगळ्यांसमोर बिनसाखरेचा मागायचे, कारण डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना खरोखर बिनसाखरेचा दिला तर ते अर्धा कप ठेवून द्यायचे आणि त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणाचंच काम व्हायचं नाही. म्हणून मी "बिनसाखरेचा" म्हणून दोन चमचे घालून द्यायची. उपाध्यक्ष तात्यासाहेबांना चहा कसाही चालायचा, पण आबासाहेबांच्या आधी मिळालेला पाहिजे, आणि आबासाहेबांना तो तात्यांच्या आधी. मी यावर एक उपाय काढला होता. दोघांच्या मधे उभं राहून दोन्ही हातांनी दोन कप एकाच वेळी टेबलावर ठेवायचे. एकही थेंब बशीत न सांडता. हे मला दोन महिन्यांत जमलं. माझ्यानंतर जी मुलगी लागली तिला अजून जमलेलं नाही, आणि तिथं भांडणं वाढलीत असं ऐकते.

माझं बोलणं कमी. याचा नोकरीत फायदाच झाला. जी बाई बोलत नाही तिला ऐकूही येत नाही, असं मोठी माणसं धरून चालतात. त्यामुळे संघाच्या ज्या गोष्टी इतिवृत्तात आल्या नाहीत त्या माझ्याकडे आहेत.

पाहुणेही तऱ्हेतऱ्हेचे यायचे. एका दुष्काळात पाहणी करायला अधिकाऱ्यांचं एक पथक आलं. दुष्काळ बघायला येणाऱ्यांचा एक ठरलेला मोसम असतो. ऊन उतरलेलं असावं, प्रवासाला हवा बरी असावी. ते आले डिसेंबरात. तोवर विहिरीच्या पाण्यावर कुणाकुणाची ज्वारी वीतभर हिरवी उभी होती. त्यातले एक साहेब दोन वेळा आंघोळ केल्याशिवाय जेवायचे नाहीत. टँकर त्या दिवशी गावात न जाता आधी आमच्या टाकीत रिकामा झाला. जाताना ते साहेब म्हणाले, परिस्थिती ऐकली होती तितकी वाईट वाटत नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, की माणूस कुठल्या महिन्यात बघायला जातो त्यावर त्याला काय दिसणार ते ठरतं. पण कळून काय, पुढे चूक करायची ती मी केलीच.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. संघात दूध येईना. दूध संघाच्या ऑफिसात चहाला दूध विकत आणावं लागे, तेही दुसऱ्या संघाचं, पिशवीतलं. पिशवीवर त्यांच्या अध्यक्षाचा फोटो होता, म्हणून ती मी ऑफिसच्या बाहेरच कापून भांड्यात ओतायची. आणि त्याच वर्षी आमच्या संचालक मंडळानं परदेशात अभ्यासाला जायचं ठरवलं. शेजारच्या एका संघाचे लोक जाऊन आले होते, त्यांच्या ऑफिसात बर्फातला मोठा फोटो लागला होता. आपल्याकडे नाही, हे आबासाहेबांना सहन होईना. आल्प्स नावाचे डोंगर आहेत, तिथल्या गाई एका धारेला बादली भरतात, तर तिथला दुग्धव्यवसाय बघून यावा, असा ठराव झाला. जायचं की नाही यावर पाच मिनिटं गेली. कुठल्या महिन्यात जायचं यावर चार मीटिंगा.

महिना ठरेना. जानेवारी-फेब्रुवारीत उसाचा हंगाम, बहुतेकांचा ऊस कारखान्यात अडकलेला. मार्चात निवडणुकीची चाहूल. एप्रिलात लग्नं. बाहेरच्या माणसाला वाटेल लग्नाचं काय एवढं, पण पुढाऱ्याचं निम्मं काम लग्नाला हजर राहणं हेच असतं. तात्यासाहेब एका दिवसात नऊ लग्नं करायचे. पंधरा दिवस ते दिसले नाहीत तर लोक म्हणाले असते, संपला. जुलै-ऑगस्टात श्रावण, तिकडं खाण्याचे वांधे. सप्टेंबरात वार्षिक सभा. पुढे पितृपंधरवडा, त्यात एवढ्या लांब विमानानं कोण जाणार? मग नवरात्र, मग दिवाळी, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. मे-जूनचं नाव कुणी काढलं नाही आणि बारा महिने असे संपले.

शेवटी आबासाहेब म्हणाले की इतका विचार कशाला, थंड हवेच्या ठिकाणी माणूस मेमध्येच जातो. महाबळेश्वरला आपण कधी जातो? मेमध्ये. मग हे त्याचंच मोठं भावंड. हे सगळ्यांना एकदम पटलं. पोरांनाही सुट्ट्या असतात, असं एक संचालक म्हणाले. पोरं जाणार नव्हती, तरी.

दुसरा प्रश्न कुणी जायचं हा होता, आणि तो लगेच सुटला. सगळ्यांनी. यात हौस होतीच, पण नुसती हौस नव्हती. संचालक अकरा आणि मीटिंग भरायला सहा लागतात. सहा-सात जण मागं राहिले असते तर त्यांनी मीटिंग भरवून आबासाहेबांची खुर्ची काढून घेतली असती. आबासाहेब मागं राहिले असते तर त्यांनी तात्यांची काढली असती. एकमेकांवर लक्ष ठेवायला सगळ्यांनी एकाच विमानात बसणं भाग होतं.

यात माझं काही बिघडत नव्हतं. अकरा कप कमी धुवायचे. पण विश्रामगृहाच्या मागच्या माळावर तेव्हा चारा छावणी होती.

छावणी म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं. गावात चारा-पाणी संपलं की लोक जनावरं आणून एका जागी बांधतात आणि स्वतः तिथंच पालं ठोकून राहतात. चारा बाहेरून ट्रकनं येतो. आमची छावणी संघाची होती. ट्रक बहुतेक उसाचा. आमच्याकडची माणसं पश्चिमेला जाऊन जो ऊस तोडतात तोच ट्रकातून मागं येऊन आमच्या गाईंपुढे पडायचा. रोज एक ट्रक. तो उतरवायचा तर त्याच्या चिठ्ठीवर दोन सह्या लागत, अध्यक्षांची आणि उपाध्यक्षांची. एकट्याची सही दुसऱ्याला मान्य नव्हती. दोन सह्या झाल्याशिवाय ड्रायव्हर दोर सोडत नसे, कारण चिठ्ठीशिवाय त्याची खेप धरली जात नसे.

त्या छावणीत माझी धाकटी जाऊ कौसा होती. तिची एक गाय होती, हरणी. गाभण, आषाढात विणार. कौसा आणि माझा दीर दरवर्षी ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात. त्या वर्षी कौसानं दिराला सांगून ठेवलं होतं की हरणी व्याली की दूध सुरू होईल, आपण दूध घालू, तुम्ही अर्ध्या कोयत्यानं जा, मी पोरींना घेऊन घरी राहीन. तिच्या दोन पोरी. थोरली माझ्याएवढी शिकली होती, चौथी झाली होती, आणि पाचवी करायची तर घरी कुणीतरी राहायला पाहिजे होतं. सगळं त्या गाईवर होतं. कौसा रोज दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी भाताची पेज न्यायला यायची. मी ओतायची. बोलणं तीच करायची.

मेमध्ये सगळे जाणार हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सही कोण करणार?"

मी म्हणाले, कोणी नाही.

"आन् मे महिन्यात पंधरा दिवस जनावरांनी काय तोंड बांधून बसायचं? तू तर तितंच असतीस की अक्का. बोल की."

मी बोलले नाही. बोलणारी असते तर दोन कप एकदम ठेवायला शिकायची वेळ आली नसती.

त्याच आठवड्यात यात्रा कंपनीचे गृहस्थ आले. पुण्याचे, पेंडसे नावाचे, साठीच्या आसपासचे. सतरा-अठरा वेळा लोकांना घेऊन आल्प्सला गेलेले. मीटिंगमध्ये त्यांना बोलावलं होतं पण बोलू दिलं नाही. ते तोंड उघडायला गेले की कुणीतरी बर्फात धोतर चालतं का विचारायचं. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाकरी खात होते. पोट नाजूक होतं, भाजीत तिखट नको म्हणाले. मी पिठलं केलं. मग आपणहून बोलायला लागले.

"तुमचे साहेब मे म्हणतायत, पण मेमध्ये तिथं काही नसतं हो," ते म्हणाले. "बर्फ वितळून चिखल झालेला असतो. डोंगरावर नेणारे दोरीवरचे पाळणे दुरुस्तीला बंद. निम्मी हॉटेलं कुलूप लावून मालक स्वतः सहलीला गेलेले. आणि गाई तर खाली गोठ्यातच."

मी कधी विचारत नाही, पण गाईचं निघालं म्हणून विचारलं, वर कधी नेतात. ते म्हणाले, गवत गुडघ्याएवढं झालं की, साधारण जूनच्या मध्याला. गावातली माणसंही बरोबर जातात, वर लाकडाच्या घरात राहतात, तिथंच दूध काढून चीज करतात, आणि सप्टेंबरच्या शेवटी सगळे परत खाली. म्हणजे त्यांच्याकडेही माणसं वर्षातले काही महिने घर सोडून जातात तर. फक्त ती जातात गवत आहे म्हणून.

त्या रात्री मला वाटलं, देवानंच हे पेंडसे पाठवले. जूनचा मध्य. मृग लागलेला असणार. पाऊस पडला की छावणी उठते, जनावरं घरी जातात, मग सह्या करणारे आल्प्सला जावोत की आणखी कुठं. मेचा कडक महिना मात्र सगळे इथं राहतील. म्हणजे फक्त एक महिना पुढं ढकलायचं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये तारखा पक्क्या होणार होत्या. मी ट्रे घेऊन गेले. दोघांच्या मधे उभी राहिले, दोन कप एकदम ठेवले, आणि मागं न फिरता तिथंच उभी राहिले. आबासाहेबांनी वर बघितलं.

"काय, प्रयागबाई?"

मी जमिनीकडे बघून म्हणाले, "साहेब, मे महिन्यात तिकडं गाया गोठ्यात असत्यात. डोंगरावर जूनमधी जात्यात. मेमधी गेल्यावर गाय दिसणार न्हाई."

मग तात्यासाहेब म्हणाले, बाईला काय ठावं. मॅनेजर जोशी साहेब कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसायचे, ते हळूच म्हणाले की पेंडसेही तसंच म्हणत होते. आबासाहेबांनी चहाचा घोट घेतला. साखर बरोबर होती. ते म्हणाले, "गाईबिगर फोटो काढून आणला तर लोक म्हणतील, दूध संघवाले चिखल बघून आले. जून करा."

आणि जून झाला. दौरा मृगानंतर, बारा दिवसांचा.

मी स्वयंपाकघरात येऊन खाली बसले. पण खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. सबंध संचालक मंडळाला जे ठरवता आलं नाही ते मी ठरवलं होतं. कौसाला मात्र मी काही सांगितलं नाही. साहेबांनी बेत बदलला एवढंच म्हणाले. ती म्हणाली, देवाला काळजी.

मला एक गोष्ट माहीत नव्हती. जोशी साहेबांनी मेची तयारी आधीच सुरू केली होती. ते शांतपणे रोज एकाऐवजी दीड-दोन ट्रकांच्या चिठ्ठ्यांवर सह्या घेत होते आणि माळाच्या कडेला उसाची गंज रचत होते. मेमध्ये साहेब लोक गेले असते तरी पंधरा दिवस जनावरांना पुरेल एवढी. दौरा जूनवर गेल्यावर ती गंज वाळून वाया जाऊ नये म्हणून मेमध्येच जनावरांपुढे टाकून संपवली. पुन्हा रचायला तोवर पश्चिमेकडे ऊसच राहिला नव्हता. कसाबसा रोजचा एक ट्रक यायचा. थंड हवा म्हणजे मे, असं आबासाहेबांनी धरलं होतं. जून म्हणजे पाऊस, असं मी धरलं होतं. त्यांचं महाबळेश्वर आणि माझं पंचांग, दोन्ही त्या वर्षी सारखंच खोटं निघालं.

मृग कोरडा गेला. अकरा जण हार घालून, टोप्या-मफलर पिशवीत भरून निघाले तेव्हा माळावर धुरळा उडत होता. जाताना जोशी साहेबांनी आबासाहेबांना विचारलं की सह्यांचं काय. ते म्हणाले, दोन-चार दिवसांत पाऊस येईल, छावणी उठेल. कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायला आबासाहेब तयार होते, पण तात्या आधी करतील तर. तात्याही तयार होते, आबासाहेब आधी करतील तर. जीप हॉर्न वाजवत होती. तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसाचा ट्रक आला आणि फाटकापाशी उभा राहिला. ड्रायव्हर भला माणूस होता, पण सहीशिवाय दोर सोडणार नाही म्हणाला. पूर्वी एकदा त्यानं सोडला होता आणि ती खेप त्याच्या अंगावर आली होती. दिवसभर ऊस उन्हात वाळत राहिला आणि फाटकाच्या आत जनावरं माना वर करून त्याच्याकडे बघत हंबरत राहिली. संध्याकाळी ट्रक गेला. जोशी साहेब फोनला बसले. फोन लागेना. लागला तेव्हा ते सगळे अजून हॉटेलात पोचलेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशीचा ट्रकही तसाच उभा राहिला. त्या दुपारी आबासाहेब फोनवर भेटले. ते म्हणाले, माझी तोंडी परवानगी आहे, पण तात्यांचीही घ्या, नाहीतर उद्या ते उलटतील. तात्या त्याच हॉटेलात, वरच्या मजल्यावर. ते म्हणाले, आधी अध्यक्षांनी लेखी द्यावं. बसमधल्या पुढच्या सीटवरून दोघांचं त्या सकाळीच बिनसलं होतं, हे पुढे कळलं.

दोन दिवस छावणीत पाण्याशिवाय काही नव्हतं. लोकांनी पालांवरचं वाळलेलं पाचट काढून घातलं. मी पेज, भाकऱ्यांचे तुकडे, जे हाताला लागलं ते हरणीला नेऊन घातलं. मोठ्या जनावराला त्यानं काय होतं?

तिसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा फाटकाशी बाया जमल्या होत्या. कौसा पुढं. पुरुष मागं उभे होते, कारण पुरुषांवर केस होते, बायांवर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कौसा ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, तुमी दोर सोडू नका. तुमी जेवायला जा. दोर आमी सोडताव." ड्रायव्हरनं ऑफिसकडे बघितलं. ऑफिसच्या दारात जोशी साहेब उभे होते. त्यांना एकतर हे थांबवायला पाहिजे होतं, नाहीतर हो म्हणायला. हो म्हणायचा त्यांना अधिकार नव्हता. ते वळले आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले.

"प्रयागबाई, चहा मिळेल का?"

मी चहा टाकला. ते खिडकीकडे पाठ करून बसले. बाहेरून उसाच्या मोळ्या खाली पडल्याचा आवाज येत होता. ते कप रिकामा करून म्हणाले, आणखी थोडा. मी आणखी थोडा केला. तिसरा कप झाला तेव्हा विचारलं, आवाज थांबला का? मी म्हणाले, अजून न्हाई साहेब. मग चौथा घेतला. एरवी ते दिवसाला एकच चहा घेणारे, पित्ताचा त्रास असलेले. त्या दिवसापासून नऊ दिवस ट्रक यायच्या वेळेला ते रोज येऊन चार कप चहा प्यायले. माझ्या अठ्ठावीस वर्षांतला सगळ्यात चांगला चहा मी त्या नऊ दिवसांत केला, असं मी धरते. पाठ करून बसलेल्या माणसाला चहा कसा द्यायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

छावणी त्यानं वाचली. हरणी नाही. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच बसली होती. तिसऱ्या दिवशी कौसानं दोर सोडून पहिली मोळी तिच्यापुढं नेऊन टाकली, तर तिनं मान उचलली नाही. कौसा उसाचे तुकडे दातानं सोलून सोलून तिच्या तोंडात घालत होती. जनावरांचे डॉक्टर आले, सुई दिली, म्हणाले पोटात वासरू आहे, अंगात आधीच काही नव्हतं, दोन दिवस फार झाले. चौथ्या दिवशी सकाळी गेली.

आल्प्सला गेलेले परत आले. हवा उत्तम होती, गवत गुडघ्याएवढं होतं, गाई डोंगरावर होत्या. पेंडसेंनी सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. आबासाहेबांचा एका तांबड्या गाईच्या पाठीवर हात ठेवलेला फोटो मोठा करून ऑफिसात लागला. शेजारच्या संघाच्या फोटोत नुसता बर्फ होता. आमच्यात गाय होती. उतरलेल्या ट्रकांच्या चिठ्ठ्यांवर दोघांनी मागाहून, एकाच वेळी, दोन पेनांनी सह्या केल्या. जोशी साहेबांना कुणी काही विचारलं नाही. जे झालं ते झालंच नाही असं ठरवायला दोघांची कधीच हरकत नसे.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. मंडपात सभासद बसलेले, बायांच्या बाजूला कौसाही. आबासाहेबांनी आल्प्सचं वर्णन अर्धा तास केलं. मग म्हणाले की आमच्यापैकी एकालाही योग्य मोसम ठरवता आला नव्हता, तो ठरवला आमच्या चहावाल्या प्रयागबाईंनी, त्यांनी सांगितलं मे नको, जून करा, आणि दौरा सोन्याचा झाला. "यांचा सत्कार झालाच पायजे." मला मंचावर बोलावलं. मी मंडपाच्या मागं पातेल्यापाशी होते. दोन जणांनी अक्षरशः धरून नेलं. खांद्यावर शाल, हातात नारळ. टाळ्या झाल्या. मी खालीच बघत होते, पण बायांची बाजू मला न बघताही दिसत होती.

सभा संपल्यावर मी मागं कपबशा धूत होते. कौसा आली, समोर बसली, आणि एक-एक कप उचलून पाण्यातून काढायला लागली.

"आबासाहेब म्हणले ते खरं हाय का, अक्का? जून तूच म्हणलीस?"

"व्हय."

"कावून?"

मी सांगितलं. मेमध्ये सही कोण करणार म्हणून. जूनमध्ये पाऊस पडेल, छावणी उठेल, असं वाटलं म्हणून.

तिनं हातातला कप विसळून पालथा घातला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या पाहिजे होत्या. ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं असतं." आणि थोड्या वेळानं, "पर तू मला सांगायचं व्हतं. मी विचारलं असतं जोशी सायबाला. ती गंज कशापायी रचतेत म्हणून. गंज वाढताना मी रोज बघतच व्हते की."

तेवढंच. मी बोलत नाही याचं माझं मलाच कौतुक होतं. त्या एकदाच मी बोलले, आणि जिच्याशी बोलायला पाहिजे होतं तिच्याशी बोलले नाही.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. कौसा पूर्ण कोयत्यानं गेली, दोन्ही पोरी बरोबर. थोरलीची पाचवी राहिली. मी म्हणाले होते, एकीला माझ्याकडे ठेव. कौसा नाही म्हणाली. रागानं नाही, धाकटीला सांभाळायला थोरली लागते म्हणून. शाल मी तिच्या बोचक्यात घातली. उसाच्या फडात पहाटे थंडी असते. तिनं ती काढून ठेवली नाही, एवढं मला दिसलं.

त्या जानेवारीत पुन्हा मीटिंग होती. पाऊस त्या वर्षीही अपुराच झाला होता, फेब्रुवारीत छावणी सुरू करायची होती, आणि विषयपत्रिकेवर शेवटचा विषय नवीन दौऱ्याचा होता. या खेपेला काश्मीर. महिना कुठला, यावर बोलणं सुरू होणार एवढ्यात मी ट्रे घेऊन आत गेले. आबासाहेब खुशीत होते. म्हणाले, आपली जाणकार आली, हिलाच विचारा. "बोला प्रयागबाई, काश्मीरला कंचा महिना चांगला?"

मी दोघांच्या मधे उभी राहिले. दोन कप दोन्ही हातांत होते. ते मी ठेवले नाहीत.

"आधी मागं सही कोण करणार ते लिवा साहेब," मी म्हणाले. "मग महिना सांगते."

अकराच्या अकरा जण हसले. तात्यासाहेब तर फार हसले, बाई आता पुढारी झाली म्हणाले. मी तशीच उभी होते. चहाची वाफ निवत चालली, कप कुणाच्याच पुढं येईनात, तेव्हा हसणं हळूहळू थांबलं. कोपऱ्यात जोशी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, इतिवृत्ताचं पान सरळ केलं, आणि आबासाहेबांकडे बघत विचारलं, "कुणाचं नाव लिहू?"